गोठ्यावरचं घर

उंब्रियातल्या जुन्या शेतघराचा जिना घराबाहेरून असतो. खालचा मजला बैलांचा, डुकरांचा, कोंबड्यांचा, वरचा माणसांचा. गोठ्यातून उठून कुणी थेट स्वयंपाकघरात जात नसे, तेव्हा आतून जिना काढायचं कारणच नव्हतं. दगडी पायऱ्या चढून वर गेलं की पहिलीच खोली चुलीची. चूल कसली, माणूस आत उभा राहील एवढं धुराडं आणि त्याच्या दोन्ही अंगांना बसायला ओटे. थंडीत त्या खोलीला जाळाची ऊब आणि बाकीच्या खोल्यांना खालच्या जनावरांच्या अंगाची. तुळयांवर विटा मांडून केलेल्या जमिनीतून ती वर यायची. वासही यायचा.

आता त्याच गोठ्यात बैठकीची खोली असते. दगडी गव्हाण शाबूत ठेवून तिच्यात वाइनच्या बाटल्या मांडतात. बैल बांधायच्या लोखंडी कड्या भिंतीत तशाच ठेवून पाहुण्यांना कौतुकानं दाखवतात. इंग्लंड-अमेरिकेतल्या गुळगुळीत मासिकांनी अशी चित्रं इतकी छापली आहेत, की ही घरं मुळात अशीच, सुट्टीत येऊन राहायला बांधली असावीत असं वाटायला लागतं.

ती बांधली होती मेद्झाद्रियासाठी. आपल्याकडे अर्धेलीनं जमीन कसायला देतात, तीच ही पद्धत. मालक पेरुजात नाही तर फ्लॉरेन्समध्ये, जमीन त्याची, घर त्याचं. राबायचं शेतकऱ्याच्या अख्ख्या कुटुंबानं, आणि पीक निम्मं-निम्मं. हिशेबाला मालकाचा कारभारी. घरातल्या मुलाचं लग्न ठरवायचं तरी मालकाच्या कानावर घालावं लागे, कारण खाणारं तोंड वाढणार की राबणारे हात वाढणार, हा त्याचाही प्रश्न होता. मध्य इटलीत हे शतकानुशतकं चाललं. 1964 च्या कायद्यानं नवे करार करायला बंदी आली आणि 1982 च्या कायद्यानं उरलेसुरले करार साध्या खंडात बदलायची वाट काढली. पण तोवर माणसं निघून गेली होती. पन्नास आणि साठच्या दशकांत ती खाली सपाटीवरच्या गावात गेली, तूरिन-मिलानच्या कारखान्यांत गेली, स्वित्झर्लंडला गेली, बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींत गेली. डोंगरावरची घरं उघडी पडली. कौलं सरकली, अंजिरांनी भिंतींत मुळं धरली.

परदेशातून येऊन इथं घर घेऊ म्हणणाऱ्याला मी तरी आधी हेच सांगेन. हे घर रिकामं आहे, कारण इथं राहणं सोसत नव्हतं. पाणी लांब होतं, वाट चिखलाची होती, भिंती ओल्या होत्या, हिवाळा संपता संपत नव्हता आणि कागदावर घर दुसऱ्याच्या नावाचं होतं. शेतकरी गेला तेव्हा यातलं काहीच बरोबर घेऊन गेला नाही. ते सगळं मागं राहिलं, आणि नवा मालक पैसे ओततो तो हेच एकेक करून निस्तरायला.

आपल्याकडे मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते ‘इटलीत एक युरोत घर’ हे प्रकरण या भागातलं नाही. ते मुख्यतः दक्षिणेचं. सिसिलीतल्या सालेमी गावात 2008 साली ही कल्पना पहिल्यांदा गाजली. महापौर होते कलासमीक्षक वित्तोरियो स्गार्बी. 1968 च्या बेलिचे खोऱ्यातल्या भूकंपानंतर ओस पडलेली घरं नगरपालिकेच्या गळ्यात होती. त्याच भागातल्या साम्बूका गावानं 2019 मध्ये तेच केलं आणि जगभर बातमी झाली. एक युरो ही बोलीची सुरुवात होती; घरं लिलावात गेली ती हजारापासून पंचवीस हजार युरोपर्यंत. वर पाच हजारांची अनामत, आणि तीन वर्षांत किमान पंधरा हजार खर्चून घर उभं करायची अट. पंधरा हजारांत काय उभं राहतं हे ज्यानं छप्पर घालून पाहिलंय त्याला विचारावं. बातमीचा मथळा मात्र अजून एक युरोवरच अडलेला आहे.

मी गेले होते ती उंबेर्तिदे आणि चित्ता दी कास्तेल्लो यांच्या मधल्या टेकड्यांत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. एके काळी हा तंबाखूचा मुलूख. चित्ता दी कास्तेल्लोत तंबाखू वाळवायच्या प्रचंड शेड होत्या. तिथं आता चित्रकार आल्बेर्तो बुर्री यांची मोठमोठी चित्रं टांगलेली आहेत. डोंगरापलीकडे कोर्तोना. त्या गावातल्या आपल्या घरावर फ्रान्सिस मेझ या अमेरिकन लेखिकेनं 1996 साली पुस्तक लिहिलं, 2003 मध्ये त्यावर सिनेमा आला, आणि टस्कनीतल्या किमती पाहून हबकलेली माणसं हद्द ओलांडून उंब्रियात घरं शोधू लागली.

ज्यांच्याकडे उतरले ते डॉक्टर मूळचे मिरजेचे, वहिनींचं माहेर महाडचं. हयात गेली इंग्लंडच्या उत्तरेत, सरकारी दवाखान्यातल्या नोकरीत; पासपोर्ट दोघांचेही ब्रिटिश. घर 2021 मध्ये घेतलं, राहायला आले 2024 च्या उन्हाळ्यात. नावं छापायची नाहीत या अटीवर त्यांनी कागदांचे बॉक्स माझ्यासमोर ठेवले. किमतीचा आकडा सांगायला मात्र डॉक्टर तयार नव्हते. ‘दुरुस्तीला त्याच्या दुप्पट गेले एवढं लिहा,’ म्हणाले.

या घराच्या शेतकऱ्यानं साठच्या दशकात सरकारी कर्ज काढून ते मालकाकडून विकत घेतलं होतं, आणि दहाएक वर्षांत कंटाळून तोही खाली उंबेर्तिदेत राहायला गेला. तो वारला, बायको वारली, मुलं वारली. इटलीत वारसाहक्क कायद्यानंच वाटला जातो; मृत्युपत्र करूनही मुलांचा आणि जोडीदाराचा ठरलेला हिस्सा काढून घेता येत नाही. त्यामुळे दोन पिढ्यांत या गोठ्याचे अकरा धनी झाले. दोघं रोममध्ये, एक बेल्जियममध्ये, एक अर्जेंटिनात. सातबाऱ्यावरच्या नावांच्या रांगा पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हे नवं नाही. अकरांतल्या दहांनी होकार दिला आणि अकराव्याचा पत्ताच कुणाला माहीत नव्हता. तो अर्जेंटिनातल्या रोसारिओत सापडला, त्यानं तिथल्या वकिलातीतून मुखत्यारपत्र पाठवलं, त्यात त्याच्या आडनावात एक अक्षर कमी निघालं, म्हणून दुसरं मागवलं. यात एक हिवाळा गेला.

दरम्यान शेजारच्या शेतकऱ्याला रजिस्टर पत्र. घराबरोबर शेतजमीन असेल आणि तिला लागून स्वतः कसणाऱ्याची जमीन असेल, तर त्याच किमतीला ती घ्यायचा पहिला हक्क त्याचा. उत्तर द्यायला त्याला 30 दिवस मिळतात. पत्र न पाठवता व्यवहार केला, तर नोंदणीनंतर वर्षभरात तो येऊन जमीन सोडवून घेऊ शकतो. डॉक्टरांच्या दोन हेक्टरांत ऑलिव्हची जुनी झाडं आणि बाकी झुडपं. शेजाऱ्यानं तिसाव्या दिवशी ‘नको’ कळवलं. त्याला ती जमीन पहिल्या दिवसापासून नको होती, पण परदेशी माणूस महिनाभर जीव मुठीत धरून बसतो का, हे त्याला पाहायचं असावं असा वहिनींचा कयास आहे. आता तोच त्यांची झाडं छाटतो आणि निम्मं तेल घेतो.

इसार भरून प्राथमिक करार होतो तो कोंप्रोमेसो. घेणारा फिरला तर इसार बुडाला. विकणारा फिरला तर त्यानं दुप्पट परत द्यायचा. शेवटचं खरेदीखत नोताइओपुढे. हा वकील कोणत्याच बाजूचा नसतो. तो सरकारी अधिकाराचा माणूस, फी मात्र घेणाऱ्यानं द्यायची. घेणाऱ्याला इटालियन येत नसेल तर दस्त दोन भाषांत लागतो, दुभाषा लागतो, साक्षीदार लागतात, आणि सगळा दस्त मोठ्यानं वाचला जातो. डॉक्टरांच्या खरेदीखताला सकाळ अख्खी गेली. टेबलावर अकरा वारसांसाठी अकरा वेगळे बँक ड्राफ्ट. 2006 पासून पैसे कशानं दिले ते दस्तातच लिहावं लागतं, म्हणून प्रत्येक ड्राफ्टचा नंबर, तारीख, रक्कम नोताइओनं आकडा न आकडा वाचून दाखवली. वारसांतल्या एक आजी त्याच घरात जन्मलेल्या. सही करून झाल्यावर त्यांनी दुभाष्यामार्फत वहिनींना एवढंच विचारलं, ‘हिवाळ्यात पण राहणार?’ वहिनी हो म्हणाल्या. आजींनी बहिणीकडे पाहिलं आणि दोघी हसू दाबत बाहेर गेल्या.

भारतात राहून, भारतीय पासपोर्टवर कुणी हे करायच्या विचारात असेल तर दोन गोष्टी. युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला इटलीत घर घेता येतं ते त्याच्या देशात इटालियन माणसाला घेता येत असेल तरच. इटलीत राहण्याचा रीतसर परवाना हाती असेल तर ही अट आड येत नाही. परदेशी नागरिकाला भारतात घर घेणं किती सोपं आहे ते आपण जाणतोच, तेव्हा इसार द्यायच्या आधी नोताइओला स्पष्ट विचारावं. दुसरं, रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. जुनं घर घेऊन ते राहण्याजोगं करायला एका वर्षाचा कोटा पुरेलच असं नाही.

घर हातात आलं आणि जेओमेत्रा आयुष्यात आला. सर्व्हेअर, नकाशे काढणारा, नगरपालिकेत खेटे घालणारा आणि घरमालकाची समजूत काढणारा, असा हा चार धंद्यांचा माणूस. इटलीत प्रत्येक घराचा नकाशा कातास्तो या महसुली दप्तरात असतो. 2010 पासून खरेदीखतात विकणाऱ्यानं लिहून द्यावं लागतं की नकाशा आणि प्रत्यक्ष घर जुळतं. नाहीतर खत रद्द ठरतं. पण महसुली नकाशा जुळला म्हणजे बांधकाम कायदेशीर झालं असं नाही, तो हिशेब नगरपालिकेच्या दप्तरात. गावाबाहेरच्या घरांना 1 सप्टेंबर 1967 च्या आधी बहुतेक ठिकाणी परवानगीच लागत नव्हती. त्यानंतर जे वाढवलं त्याचा कागद पाहिजे. सरकारनं 1985, 1994 आणि 2003 साली दंड घेऊन बेकायदा बांधकामं नियमित करायची दारं उघडली होती. 2024 च्या कायद्यानं लहानसहान तफावतींना आणखी सवलत दिली. आपल्याकडच्या गुंठेवारीवर ज्यांची हयात गेली त्यांना यातली लय ओळखीची वाटेल.

डॉक्टरांच्या घराला मागच्या बाजूनं एक न्हाणीघर चिकटवलेलं होतं, सत्तरच्या दशकातलं, वर सिमेंटचे पत्रे. कागदावर ते नव्हतंच. नियमित करण्यापेक्षा पाडणं स्वस्त, असं जेओमेत्रा म्हणाला. पण पत्रे निघाले अ‍ॅस्बेस्टॉसचे. त्यावर इटलीत 1992 पासून बंदी आहे, आणि परवानाधारक कंपनीशिवाय त्याला हात लावता येत नाही. पांढरे झगे आणि मुखवटे घातलेली माणसं आली, योजना लिहून आरोग्य खात्याला कळवली, पत्र्यांवर चिकट द्रव फवारला, प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेले. तीन मीटर बाय दोन मीटरच्या न्हाणीघराला निरोप द्यायला लागलेला खर्च ऐकून वहिनींनी त्या दिवशी स्वयंपाक केला नाही.

सगळ्यात चिवट निघाला तो गोठा. खालच्या भिंती सत्तर सेंटिमीटर जाड, दगड आणि चुन्याच्या. शंभर-दीडशे वर्षं बैलांचं मूत त्या दगडांनी आणि चुन्यानं शोषून घेतलेलं. मूत वाळतं, क्षार राहतात. हवेत दमटपणा आला की ते पाणी धरतात, कोरडी हवा आली की स्फटिक होऊन बाहेर ढकलतात. वर काहीही लावा, दोन हिवाळ्यांत पापुद्रे. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींना लोणा लागतो तोच हा, फक्त बैलांनी पोसलेला. सत्तरच्या दशकात कुणीतरी शहाणपणा करून त्यावर सिमेंटचं प्लास्टर मारलं होतं. सिमेंटनं श्वास कोंडला आणि ओल वर चढत माणसांच्या मजल्यापर्यंत पोचली.

गवंडी आल्बेनियाचा. या भागात जुन्या दगडाचं काम आता बहुतेक तेच करतात. त्यानं सिमेंट खरवडून काढलं, सांध्यांतला कुजका चुना बोटभर खोल उकरला, आणि सहा महिने भिंती उघड्या ठेवायला सांगितल्या. मधूनमधून ब्रशनं झाडून पांढरी भुकटी गोळा करायची आणि बाहेर टाकायची. घाईला आलेल्या डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यात विचारलं, आता लावायचं का? गवंड्यानं भिंतीवर ओलं बोट फिरवून जिभेला लावलं आणि मान हलवली. खारट होतं. डॉक्टर मला म्हणाले, ‘मी तीस वर्षं लॅबच्या रिपोर्टांवर माणसांना औषधं दिली. या माणसाची तपासणी मला जास्त पटली.’

मग जमीन खणून खाली प्लास्टिकचे पोकळ घुमट मांडले, त्यांवर काँक्रीट, म्हणजे मातीची ओल वर येत नाही आणि खालून हवा खेळते. डोंगराच्या बाजूला भिंतीलगत चर खणून पाण्याला वाट दिली. शेवटी चुन्याचा गिलावा, तीन हातांत, प्रत्येक हातामध्ये आठवडे. कोपऱ्यात गव्हाणीपाशी अजूनही एक तळहाताएवढा डाग उमटतो. वहिनींनी त्यापुढे तांब्याची घागर ठेवली आहे.

छप्पर उतरवताना प्रत्येक जुनं कौल वाजवून पाहतात. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते टाकायचं. नवी कौलं खाली आणि जुनी वर मांडली की घर जुनंच दिसतं. इथं निसर्गसौंदर्याचं संरक्षण असलेल्या पट्ट्यात खिडकीचा आकार, झडपांचा रंग, कौलाचा प्रकार, सगळ्याला मंजुरी लागते. तुळया चेस्टनटच्या, त्यांवर चपट्या विटा, मग उष्णतारोधक थर.

आणि भूकंप. हा देशाचा कणाच हलता आहे. 26 एप्रिल 1917 ला शेजारच्या मोंतेर्कीत, सप्टेंबर 1997 मध्ये असिसीत, 24 ऑगस्ट 2016 ला आमात्रिचेत, त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला नोर्चात. 9 मार्च 2023 ला तर उंबेर्तिदेच्या पियेरान्तोनियो वस्तीतच. धक्का फार मोठा नव्हता, पण कित्येक कुटुंबांना घर सोडावं लागलं. सत्तर-ऐंशीच्या दशकांत इंजिनियरांचा भरवसा काँक्रीटवर होता. दगडी घराची लाकडी छपरं काढून जड स्लॅब आणि जड पट्ट्या घातल्या. 1997 मध्ये दिसलं की ठिसूळ दगडी भिंतीवर बसवलेला तो भारच भिंती फोडतो. आता पुन्हा जुनाच उपाय: भिंतीतून भिंतीपर्यंत लोखंडी सळई ओवून बाहेरून पाचर मारून आवळायची. इटलीभर जुन्या घरांच्या दर्शनी भिंतीवर लोखंडी चकत्या किंवा आडवे-उभे तुकडे दिसतात, ते शोभेचे नसतात. डॉक्टरांच्या घराला अशा सळया आहेत. त्यांतली एक बरोबर पलंगाच्या डोक्यावरून जाते, आणि तिच्यावर वहिनी शाल वाळत घालतात.

काम रेंगाळण्याचं एक कारण रोममध्ये होतं. 2020 मध्ये सरकारनं घराची ऊर्जाबचत आणि भूकंपसुरक्षा यांवरच्या खर्चाला 110 टक्के करसवलत जाहीर केली. खर्चापेक्षा जास्त परत मिळणार म्हटल्यावर अख्खा देश परांची बांधायला निघाला. परांची मिळेना, कंत्राटदार मिळेना, मालाचे भाव चढले, सरकारच्या तिजोरीला शंभर अब्ज युरोंहून मोठं भगदाड पडलं, मग सवलत टप्प्याटप्प्यानं आवळली. डॉक्टरांना ती मिळाली नाहीच, वाढलेले भाव तेवढे मिळाले. पहिल्या कंत्राटदारानं आगाऊ रक्कम घेतली, छप्पर उघडं टाकलं, आणि मोठ्या कामावर निघून गेला. एक पावसाळी नोव्हेंबर घरानं ताडपत्रीखाली काढला. ऑगस्टबद्दल तर बोलायलाच नको. 15 ऑगस्टच्या आगेमागे या देशात खिळासुद्धा विकत मिळत नाही.

पाण्याला विहीर होती, ती उन्हाळ्यात तळाला जायची. नगरपालिकेची लाइन सहाशे मीटरवर, खर्च अर्थात आपला. गॅस जमिनीत पुरलेल्या टाकीत, ट्रकनं येतो. वाट पांढऱ्या खडीची, दर पावसानंतर वाहून जाते, आणि ती वापरणाऱ्या सगळ्या घरांनी वर्गणी काढून दुरुस्त करायची. विजेचा साधा घरगुती जोड तीन किलोवॉटचा. ओव्हन चालू असताना कपडे धुवायचं मशीन लावलं की मीटर खटकन पडतं, आणि मीटर वाटेच्या तोंडाशी, फाटकापाशी. पहिल्या संक्रांतीला वहिनींनी एका शेगडीवर गुळाचा पाक ठेवला, दुसरीकडे हीटर लावला आणि मिक्सर फिरवला. अंधारात टॉर्च घेऊन डॉक्टर फाटकापर्यंत गेले, तोवर पाक दगड झाला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहा किलोवॉटचा अर्ज केला.

घर विकत घेतलं म्हणून इटलीत राहायचा हक्क मिळत नाही, हे फार थोड्या दलालांच्या तोंडून ऐकू येतं. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टही आपल्याच रांगेत आला: 180 दिवसांत 90. त्याहून जास्त राहायचं तर काम न करता जगू शकणाऱ्यांचा व्हिसा, ज्याला वर्षाला सुमारे 31 हजार युरोंचं बसल्याजागी येणारं उत्पन्न दाखवावं लागतं, जोडीदारासाठी आणखी वीस टक्के. त्यावर पैशासाठी कोणतंही काम करता येत नाही. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टर मिळत नाहीत म्हणून ओरड आहे, आणि आमचे डॉक्टर टोमॅटोला आळी करत बसलेले. इटलीत पाऊल ठेवल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांत पोस्टात जाऊन अर्जाचा संच भरायचा, त्यावर तंबाखूच्या दुकानातून आणलेलं 16 युरोंचं तिकीट डकवायचं, मग पोलिस मुख्यालयात बोटांचे ठसे, मग महिनोन्‌महिने वाट. सरकारी आरोग्यसेवेत स्वेच्छेनं नाव घालायचं तर 2024 पासून वर्षाला किमान दोन हजार युरो. रहिवासी म्हणून नाव लावलं की नगरपालिकेचा पोलिस न सांगता घरी येऊन खरंच राहताय का ते पाहून जातो. डॉक्टरांकडे तो आला तेव्हा वहिनी लोणच्याला मीठ लावत होत्या. त्यानं फ्रिज उघडून पाहिला नाही, बरणी मात्र पाहिली.

गाडीशिवाय इथं हातपाय बांधल्यासारखं. ब्रिटिश लायसन्स 2023 पासून बदलून मिळतं. भारतीय लायसन्स बदलून मिळत नाही. रहिवासी होऊन वर्ष उलटलं की परीक्षा नव्यानं, लेखीसकट, इटालियनमधून.

पहिल्या सप्टेंबरात एका पहाटे भगव्या जाकिटातली बंदूकधारी माणसं ऑलिव्हमधून चालत आली तेव्हा डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला. पोलिस हसले. दिवाणी कायद्याच्या 842 व्या कलमानुसार कुंपण नसलेल्या खासगी जमिनीत शिकाऱ्याला शिरता येतं. घरापासून शंभर मीटरांच्या आत बंदूक चालवायची नाही, आणि मंगळवार-शुक्रवार शिकार बंद, एवढीच सोय. रानडुकरं खरंच माजली आहेत, बागा उकरतात, तेव्हा शिकाऱ्यांशी वाकडं घेऊन चालत नाही. आता हंगामात दोनदा दाराशी मांसाची पिशवी येते. वहिनी शाकाहारी आहेत. पिशवी शेजाऱ्याकडे जाते, त्याबदल्यात लाकूड येतं.

इटलीच्या खेड्यांत राहायला आलेले भारतीय म्हटले तर हे दोघं अपवादच. पो नदीच्या सपाट खोऱ्यात हजारो पंजाबी माणसं पहाटे उठून गाईंच्या धारा काढतात. पार्मिजानो आणि ग्राना पादानो चीजमागचं कितीतरी दूध त्यांच्या हातून जातं. नोवेल्लारात त्यांचा गुरुद्वारा 2000 साली उभा राहिला. रोमच्या दक्षिणेला लातिनाच्या शेतांत मात्र जून 2024 मध्ये सतनाम सिंग या मजुराचा हात यंत्रात तुटला, त्याला दवाखान्यात न नेता घरापाशी टाकून देण्यात आलं, आणि तो गेला. ओस पडलेल्या इटालियन खेड्याचं नवं जीवन म्हणून जे लेख लिहिले जातात त्यांत बहुधा छपराचा रंग असतो, या माणसांची नावं नसतात.

आणि त्याही आधी आलेली मराठी माणसं होती. डॉक्टरांच्या गच्चीतून समोर मोंतोने गाव दिसतं. जुलै 1944 मध्ये या खोऱ्यातून युद्धाची आघाडी सरकली. 10 जुलैला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि तेच एकटे उभे राहिले. ते मोर्च्यावर धावून गेले, ग्रेनेडनं गन बंद पाडली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना मारलं, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. वय 22. गाव माणगाव तालुक्यातलं पळसगाव. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांना ज्ञात अशी कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. 2023 मध्ये मोंतोनेत त्यांच्या स्मरणार्थ सूर्यतबकडी बसवली. माणगावातला त्यांचा पुतळा वहिनींना लहानपणापासून माहीत. तो माणूस आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या खोऱ्यात पडला, हे घर घेतल्यावर कळलं. तेव्हा इथल्या गोठ्यांवर अर्धेलीचे शेतकरी राहत होते आणि तोफा चालल्या की तळमजल्यावर बैलांबरोबर लपत होते.

कागदांच्या बॉक्समध्ये सगळ्यात वर मृत्युपत्र होतं. युरोपीय संघाच्या 2015 पासून लागू झालेल्या नियमानं आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा वारसाकायदा निवडता येतो. डॉक्टरांनी इंग्लंडचा निवडला, म्हणजे घर आधी सगळं वहिनींच्या नावे होईल. मुलं दोन. मुलगा टोरांटोत, मुलगी लीड्सला.

‘विचारलंत का त्यांना, हवंय का म्हणून?’

‘मुलगा म्हणाला, विकलं तर किती येतील बघून ठेवा,’ वहिनी म्हणाल्या. ‘मुलीनं हिवाळ्यात गॅसला किती पडतात ते विचारलं.’

डॉक्टरांनी तिला तीनही वर्षांची बिलं पाठवली आहेत.